उघाडीच्या फळ्या

पायाखालचा गालिचा चुळुक् करून वाजला. मी थांबले, चप्पल काढली आणि अनवाणी पायाने दाबून बघितलं. बोटांच्या मधून पाणी वर आलं. वाकून वास घेतला तर खाडीचा वास.

दुपारचे पाऊण वाजले होते. दालनात एकतीस चित्रं होती. सगळी जलरंगातली, कागदावरची. तीस चित्रं भिंतीला टेकवून लाकडी ठोकळ्यांवर उभी, जमिनीपासून जेमतेम चार इंच वर. एकतिसावं तर मधोमध गालिच्यावर आडवंच ठेवलेलं. माझ्यामागे निनाद खुर्च्या मोजत होता. निनाद म्हणजे त्या जागेचा वेन्यू हेड.

"निनाद, हे पाणी कुठलं?"

"हाउसकीपिंगने मॉप मारलाय मॅडम. एसी वाढवतो, सुकेल."

"मॉपचं पाणी खालून वर येतं का रे?"

त्याने खाली बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं. चार वाजता पाहुणे येणार होते.

आधी मी कोण ते सांगते. मी सर्वेअर. जमिनी मोजणारी नव्हे, इन्शुरन्सवाली. कुणी मालाचा विमा उतरवला की कंपनी आम्हाला जागा बघायला पाठवते. आग लागली तर विझवायला काय आहे, चोर आला तर कुठून येईल, पाणी आलं तर कुठून शिरेल, हे बघायचं आणि फॉर्म भरायचा. नंतर नुकसान झालंच तर ते कशाने झालं हेही आम्हीच लिहायचं. ऑफिस माजिवड्याला, घर डोंबिवलीत. तीस वर्षं भिवंडी-कल्याणची गोडाऊनं तुडवली. कापडाचे तागे, रंगाची पिंपं, भिजलेली खतं. चित्रांचं काम पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही राजवाड्यात. खोटं कशाला बोलू, मी हुरळलेले. ठेवणीतली साडी नेसून गेलेले.

राजवाडा कोलशेतच्या पुढे, खाडीला लागून. नाव सांगत नाही आणि खुणाही थोड्या बदलल्यात, शोधायला जाऊ नका. घाटावरच्या एका छोट्या संस्थानच्या राजांनी उन्हाळ्यात राहायला बांधलेला. वंशज आता बाहेर असतात. त्यांच्या ट्रस्टने वाडा एका इव्हेंट कंपनीला चालवायला दिला आणि कंपनीने त्याचं आर्ट एक्झिबिशनचं ठिकाण केलं. त्याला माझी ना नाही. वटवाघळं राहण्यापेक्षा चित्रं राहिलेली बरी. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

वाड्याचं खालचं दालन अर्धं जमिनीत आहे. भर मे महिन्यात राजेसाहेब दुपारी तिथे बसायचे. दालनाच्या फरशीखालून दगडी मोरी जाते, माणूस वाकून चालेल एवढी मोठी. ती थेट खाडीला मिळते. फरशीत मधोमध दगडी जाळी आहे. मोरीतला गारवा जाळीतून वर यायचा. त्या काळचा एसीच म्हणा ना.

आता मोरी खाडीला मिळते म्हटल्यावर भरतीला खाडी मोरीत शिरणारच. त्यासाठी मोरीच्या तोंडाशी उघाडी आहे. ज्यांना मिठागरं ठाऊक आहेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. दगडात दोन बाजूंना खाचा असतात. त्यांत सागवानी फळ्या एकावर एक सोडायच्या, की खाडीचं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या, आतलं सांडपाणी निघून जातं. एवढंच. ना मोटर, ना स्विच. फक्त भरती कधी, ओहोटी कधी हे ज्याला कळतं असा एक माणूस लागतो.

हे सगळं मला आता माहितीये. पहिल्या भेटीत यातलं काहीही माहीत नव्हतं.

पहिली भेट नवरात्रात, अष्टमीला. दारातच एक म्हातारबाबा उभे. भरजरी अंगरखा, केशरी फेटा, पायांत मोजड्या आणि हातात फायबरचा भाला. वय सत्तरीच्या पुढे, रंग उन्हाने रापलेला. अंगरखा त्यांना दोन माप मोठा होता. शेजारी प्रवेशाचा बोर्ड, जुन्या काळ्याभोर लाकडाचा, त्यावर पितळी अक्षरं. बोर्ड मला फार आवडला. मी बाबांना म्हटलं, "दादा, जरा इकडे बघा," आणि बोर्डाच्या बाजूला त्यांना उभं करून सेल्फी काढला. हो, मी. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

सेल्फी काढताना ते हळूच म्हणाले, "बाय, ह्या फल्या हितं लावल्यान. पुनवेला पानी येल."

मी म्हटलं, "हो, हो." आणि आत गेले.

बस, एवढंच झालं. त्या "हो, हो"ची मला आजही लाज वाटते. माझा मुलगा असं "हो, हो" करून मोबाइल बघत बसला की मी त्याच्यावर ओरडते.

आत निनादने मला वाडा दाखवला. पोरगा हुशार, गोड बोलणारा. हातात टॅब, टॅबमध्ये प्लॅन. आग विझवायचे सिलिंडर नवे होते, कॅमेरे होते, वायरिंग बदललेलं होतं. खालच्या दालनात दाट राखाडी गालिचा पसरलेला.

"गालिच्याखाली काय आहे?"

"ओरिजिनल स्टोन फ्लोअर. एक जुनी जाळी आहे, ड्रेनची. यूज होत नाही आता."

"ड्रेन चालू आहे ना?"

"एकदम. इतक्या दिवसांत थेंब नाही आला."

"चित्रं जमिनीवर का ठेवताय? टांगा ना."

"हेरिटेज भिंत आहे मॅडम, खिळा मारायला परमिशन नाही. आणि तसंही फ्लोअर लेव्हल डिस्प्ले आता फार चालतो."

मला त्या दिवशी अजून एक गोडाऊन उरकायचं होतं. भिवंडीचा रस्ता तुम्हाला माहितीच आहे. मी फॉर्मवर 'ड्रेनेज: समाधानकारक' असं लिहून सही केली. गालिचा उचलून बघितला नाही. गोडाऊन असतं तर कोपरा न् कोपरा उचकला असता. राजवाडा बघून माझे डोळे दिपले, दुसरं काय!

दोन दिवसांनी कळव्याला गेले, सुमतीताईंकडे. एकतीस चित्रं त्यांचीच. कळव्याच्या एका शाळेत त्या ड्रॉइंग टीचर होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. एकट्या राहतात. नोकरी सांभाळून चाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी खाडीकाठी जाऊन बसायच्या आणि मिठागरं रंगवायच्या. ती मिठागरं आता उरलेली नाहीत, त्यावर टॉवर उभे आहेत. ती कशी होती ते बघायचं असेल तर सुमतीताईंच्या भिंतीच. दोन खोल्या, आणि चारही भिंतींवर खिळेच खिळे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलं होतं, प्रदर्शन करू या का म्हणून.

आमच्या धंद्यात या विम्याला 'नेल टू नेल' म्हणतात. चित्र मालकाच्या खिळ्यावरून उतरलं की विमा सुरू, पुन्हा त्याच खिळ्यावर चढलं की संपला. मी एकेक चित्र उतरवून घेतलं. प्रत्येकाचा फोटो काढायचा, डाग, चीर, वाळवी आहे का लिहायचं. याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. सुमतीताई प्रत्येक खिळ्याखाली पेन्सिलने नंबर लिहीत होत्या.

"तिथे ओल नाही ना गं?" त्यांनी तीनदा विचारलं. "पाण्यानेच केलीत, पाण्यानेच जातील."

"ताई, मी स्वतः बघून आलेय. माझी सही आहे त्यावर."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि शेवटचं चित्र माझ्या हातात दिलं.

ते शेवटचं चित्र म्हणजे उघाडी. दोन दगडी खांब, मध्ये काळ्या फळ्या, फळ्यांच्या फटीतून चमकणारं पाणी. मला तेव्हा नुसत्या रेघा वाटल्या. आयोजकांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी तेच पोस्टरवर छापलं आणि खाली लिहिलं, 'स्मृतींच्या रेषा'. सुमतीताई पोस्टर बघून म्हणाल्या, "अहो, फळ्या आहेत त्या!" सगळे कौतुकाने हसले. आर्टिस्टची नम्रता वगैरे!

उद्घाटन कोजागिरीला ठरलेलं. चांदण्यात गच्चीवर दूध, सतार, खाली चित्रं. कल्पना झकास होती. पण पौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती, आणि आपल्या खाडीत ती दुपारी दीडच्या सुमाराला चढते, हे त्या अख्ख्या कंपनीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. चंद्र त्यांना फक्त डेकोरेशनला हवा होता. अष्टमीच्या आसपास भरती मरतुकडी असते, तिला भांग म्हणतात. म्हणून आठवडाभर थेंब आला नव्हता. निनाद खोटं बोलला नव्हता. त्याला फक्त काही माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

तर त्या दिवशी पाऊण वाजता मी ओल्या गालिच्यावर उभी. पाणी खालून वर येतंय. आणि डोक्यात एकदम ते वाक्य वाजलं. पुनवेला पानी येल.

साडी खोचली आणि पळत सुटले. छप्पन्नाव्या वर्षी. दारात म्हातारबाबा तसेच उभे, फेटा, भाला, सगळं. नजर मात्र खाडीकडे. चेहरा असा की घरात कुणी आजारी आहे आणि डॉक्टर दारातून आत घेत नाहीयेत.

"दादा, पाणी आलं!"

"मना दिसतंय ना. मघापासून दिसतंय."

"मग थांबलात का इथे?"

"जागा सोराची नाय सांगतलंय. सकाली गेलतू बांधावर, त सुपरवायझरनी परत आनला. गैरहजर लिवीन बोलला. आनि जाऊन करू काय? फल्या तं ह्या हितं!" त्यांनी भाल्याचं टोक बोर्डावर आपटलं.

मी बोर्डाकडे बघितलं. काळं सागवान, दोन्ही टोकांना खाचेत घासून गुळगुळीत झालेलं. पाच फळ्या एकाखाली एक जोडलेल्या. मी ज्याच्या बाजूला उभं राहून सेल्फी काढला तो बोर्ड म्हणजे वाड्याची उघाडी. डेकोर टीमला मोरीच्या तोंडाशी 'रस्टिक लाकूड' सापडलं, त्यांनी ते धुतलं, पॉलिश केलं आणि दारात लावलं. आणि ज्या माणसाने आयुष्यभर त्या फळ्या सोडल्या-उचलल्या, त्यालाच फेटा बांधून बाजूला शोभेला उभा केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एव्हाना निनाद मागे आला होता.

"निनाद, हा बोर्ड काढ. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, हे ब्रँडिंग आहे. प्रेस येतेय तीनला. मी प्लंबरला फोन केलाय, तो कापूरबावडीला पोचलाय..."

"प्लंबर खाडी बंद करणार आहे का?"

"पण प्रोसीजर..."

"प्रोसीजर मी सांगते. मी आत्ता विमा कंपनीला फोन करून कव्हर थांबवते. मग तू आणि तुझं ब्रँडिंग बसा पाण्यात."

आता हे मी जरा दडपून बोलले. सर्वेअरला असा फोनवर विमा थांबवता येत नाही. पण निनादला ते कुठे माहीत होतं! तो बाजूला झाला.

मी म्हाताऱ्याकडे वळले. त्या क्षणापर्यंत मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. "दादा, नाव काय तुमचं?"

"हिराजी."

"हिराजीदादा, तुम्ही जा. मी सांगतेय. जे होईल ते माझ्यावर."

"तू सांगतंस त जातू, बाय."

भाला टाकला, फेटा काढून पायरीवर ठेवला, मोजड्या भिरकावल्या. आणि मग तो सत्तरीचा माणूस जो काही हलला! बोर्डाला खालून खांदा लावला आणि एका हिसक्यात तो अख्खा चौकटीतून उपटला. पितळी अक्षरं टणाटणा पायऱ्यांवरून गडगडली. "दोरी हाय का? नाय? रव दे." मागच्या पट्ट्या उखडून फळ्या सुट्या केल्या. पहिली फळी त्यांनी खांद्यावर घेतली, दुसरी सिक्युरिटीच्या दोघांनी, तिसरी कॅटरिंगवाल्यांनी, आणि शेवटच्या दोन मी आणि निनादने. होय, निनादने. काही झालं तरी उचलली त्याने, ते मी नाकारणार नाही.

मोरीच्या तोंडाशी पाणी आवाज करत आत घुसत होतं. हिराजीदादा भरजरी अंगरख्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पाण्याचा जोर इतका की पहिली फळी तीनदा उलटली. चौथ्यांदा त्यांनी ती तिरकी धरली, पायाने खाच चाचपली, आणि वरून अंगाचा भार टाकला. बसली. "दुसरी आना! अरं बगतंस काय, आन!" निनादला ओरडले ते. पाचही फळ्या बसल्यावर फटींत भरायला चिखल मागितला. आम्ही चिखल हातांनी दिला. माझी ठेवणीतली साडी त्या दिवशीच संपली.

मी परत दालनात पळाले. घोट्याएवढं पाणी झालं होतं. हाउसकीपिंगच्या दोन बायकांनी, मी न सांगता, भिंतीची चित्रं उचलून जिन्यावर न्यायला सुरुवात केलेली. अठरा नेली होती. उरलेली बारा आम्ही तिघींनी नेली. ठोकळ्यांनी तेवढा वेळ दिला. तीसच्या तीस वाचली, दोन-तीन चित्रांच्या फ्रेमची कड तेवढी ओली.

एकतिसावं मधे, गालिच्यावर आडवं. बरोब्बर जाळीवर. पाणी आधी तिथेच आलं होतं. दाराकडे पळताना ते आधी उचलावं हे मला सुचलंच नव्हतं. काच वर केली तेव्हा कागदावर दोन खांब पुसट दिसत होते. मधल्या काळ्या फळ्या विरघळून पाण्यात गेल्या होत्या.

साडेतीनला सुमतीताई आल्या. मोतिया रंगाची रेशमी साडी, केसांत अबोलीचा गजरा. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन. जिन्यावर रांगेने ठेवलेली चित्रं बघून त्यांनी मोजायला सुरुवात केली. तीसला थांबल्या. मी ते एकतिसावं हातात धरून उभी होते.

त्यांनी ते घेतलं. उजेडात धरून बघितलं.

"तू म्हणालीस, स्वतः बघून आलेय."

"हो ताई. नीट बघितलं नाही मी."

त्यांनी मला समजावलं नाही, ठीक आहे म्हटलं नाही. बरं केलं. पायरीवर बसल्या आणि पदराने काच पुसत राहिल्या. संध्याकाळी गच्चीवर दूध आणि सतार ठरल्याप्रमाणे झालं. खालच्या दालनाच्या दारावर 'तांत्रिक कारणास्तव बंद' अशी पाटी लागली. सुमतीताई थांबल्या नाहीत. मी त्यांना रिक्षाने कळव्याला सोडलं.

इथपर्यंत झालं ते चूक म्हणून सोडून देता येईल. माणसं चुका करतात, मीही केली. पुढे जे झालं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या दिवशी मी नुकसानीचा सर्वे करायला गेले. हिराजीदादा बांधावर बसले होते, स्वतःच्या बनियनमध्ये. हातात एक कागद.

"बाय, वाच तं काय लिवलंय."

मेमो होता तो. कंपनीच्या लेटरहेडवर. 'नेमून दिलेली जागा विनापरवानगी सोडणे, गणवेश खराब करणे, डेकोरची मोडतोड करणे. याबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.'

मी दोनदा वाचला. मग निनादच्या केबिनमध्ये गेले. दार ठोठावलं नाही.

"हे काय आहे?"

"मॅडम, ते एचआरचं रूटीन आहे. सिक्युरिटीने सीसीटीव्हीचं फुटेज टाकलं ना ग्रुपवर, त्यात तो बोर्ड तोडताना दिसतोय. हेड ऑफिसने विचारलं."

"त्यांनी तुझी तीस चित्रं वाचवली. तू स्वतः फळी उचललीस!"

"मला पर्सनली माहितीये मॅडम. पण रेकॉर्डवर तो माळी आहे. ट्रस्टच्या लिस्टमध्ये 'माळी, एक' असंच आलंय. गार्डनिंग आम्ही आउटसोर्स केलं, मग त्याला कुठेतरी अ‍ॅडजस्ट केला."

"आणि उघाडीवर कोण?"

"तशी पोस्टच नाहीये मॅडम."

बघा! तीन पिढ्या एक घर खाडी अडवून धरतंय, आणि तशी पोस्टच नाही. संस्थानच्या काळात त्यांच्या आजाला उघाडीवर नेमलं होतं. पुढे कुठल्या तरी कारकुनाला त्या कामाचं नाव सुचलं नाही, त्याने 'माळी' लिहिलं. तेच पुढे चालत आलं. हिराजीदादांनी त्या बागेत एक रोपही लावलेलं नाही.

मी बाहेर आले. दादांना म्हटलं, "खुलासा मी लिहिते. सांगा, जागा का सोडली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला एवढंही कळत नाही.

"लिव, भरती आलती."

"अजून काही?"

"अजून काय?"

मी तेवढंच लिहिलं. त्यांनी खाली सही केली, अक्षर सुरेख. मी तो कागद निनादच्या टेबलावर ठेवला आणि पोच घेतली.

मग माझा रिपोर्ट. संध्याकाळी माजिवड्याला ऑफिसात लिहायला बसले. आमच्या बॉसने, दातारसाहेबांनी, ड्राफ्ट वाचला आणि चष्मा काढला.

"अगं, तू लिहिलंयस की पाणी शिरण्याचा धोका कर्मचाऱ्याने सर्वेअरला आधीच सांगितला होता."

"सांगितला होता."

"म्हणजे तू स्वतःविरुद्ध लिहितेयस. 'ड्रेनेज समाधानकारक' खाली तुझी सही आहे. विमा कंपनीच्या सर्वेअरांच्या पॅनेलवरून काढतील तुला."

"काढू देत."

"'अनपेक्षित उधाण' असं लिही ना. सगळे सुटतात."

"साहेब, पौर्णिमा अनपेक्षित असते का?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "बरं, पुढचं काय?"

पुढचं म्हणजे माझ्या हातातलं एकच हत्यार. वॉरंटी. दुकानातल्या पंख्याची असते ती नव्हे. विम्यात वॉरंटी म्हणजे अशी अट, की ती मोडली तर नुकसानभरपाई विसरा. प्रदर्शन अजून दीड महिना चालणार होतं, मध्ये तीन उधाणं येत होती. मी लिहिलं: 'उघाडीच्या फळ्या कायम उघाडीवरच राहतील. दर भरतीला श्री. हिराजी किंवा त्यांनी शिकवलेली व्यक्ती उघाडीवर हजर असेल. त्या वेळी त्यांना दुसरे कोणतेही काम देता येणार नाही.' दातारसाहेबांनी एक शब्द बदलला नाही. खाली स्वतःची सही मात्र केली, ती मला अपेक्षित नव्हती.

विमा कंपनीने अट मान्य केली. आणि मग जादू बघा. जी माणसं आठवडाभर एका म्हाताऱ्याचं तोंडी सांगणं ऐकत नव्हती, ती कागद आल्यावर दुसऱ्याच दिवशी सरळ झाली. हिराजीदादांना नवं कार्ड मिळालं, त्यावर 'टायडल गेट इन्चार्ज'. त्यांनी ते खुंटीला लावून ठेवलंय. मेमो मागे घेतला का? नाही. निनाद म्हणाला, फाइल क्लोज केलीये. माफीचा एक शब्द कुणी काढला नाही. आणि दारात नवा माणूस उभा केला, तोच फेटा, तोच भाला. अंगरखा धुऊन घेतला होता.

मला पॅनेलवरून काढलं नाही, सहा महिने चित्रांचं काम दिलं नाही, एवढंच. मी परत गोडाऊनांवर. तिथे आता एक सवय लागलीये. गेटमध्ये शिरल्यावर मी आधी विचारते, इथे सगळ्यात जुना माणूस कोण? आणि तो काय बोलतोय ते वहीत लिहून घेते. कळलं नाही तर पुन्हा विचारते. मॅनेजर लोक कंटाळतात, कंटाळू देत.

डिसेंबरात प्रदर्शन संपलं. चित्रं परत कळव्याला न्यायची होती. ते काम माझं नव्हतं, मी मागून घेतलं. सुमतीताईंनी दार उघडलं, पाणी दिलं. मी नंबर बघून एकेक चित्र त्याच्या खिळ्यावर चढवत गेले. तीस झाली. दाराशेजारचा खिळा, खाली पेन्सिलने एकतीस लिहिलेलं, तो तसाच राहिला.

"कॅलेंडर लावू का इथे, ताई?"

"नको. राहू दे तसाच."

मग बसून मी क्लोजिंगचा फॉर्म भरला. उतरवली एकतीस, टांगली तीस. पुढे 'नुकसानीचे कारण' असा रकाना असतो. त्यात आग, चोरी, पाणी, वाहतूक, इतर, असे चौकोन छापलेले. पाण्यावर खूण केली की काम संपत होतं. मी 'इतर'वर खूण केली आणि समोर लिहिलं, 'आधी सांगितले होते, कोणी ऐकले नाही. सर्वेअरनेही नाही.'

फॉर्म सुमतीताईंपुढे सहीला ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली, आणि सही केली.